अकरा ओल्या वस्तू

१९९० च्या जुलै महिन्यात घिवली येथील काचदालनातल्या बेचाळीस वस्तूंपैकी अकरा वस्तू ओल्या झाल्या. उरलेल्या एकतीस कोरड्या राहिल्या. ओल्या झालेल्या अकराही वस्तूंनी त्याआधीचे कमीत कमी चार आणि काहींनी आठ पावसाळे त्याच फळ्यांवर, त्याच खिडक्यांसमोर कोरडे काढले होते.

ही गोष्ट पहिल्यांदा लाडकीच्या लक्षात आली. ती दालनाचा काच फुंकणारा कारागीर चिंधू याची बायको. दालनातल्या वस्तू पुसण्याचे काम तिचे होते. सोमवारी, नऊ तारखेला, मी बोईसरहून आले तेव्हा ती फडके हातात घेऊन दारातच उभी होती.

"बाई, कणगी रडते."

कणगी म्हणजे दालनातली पहिल्या क्रमांकाची वस्तू : हातभर उंचीची, मधाच्या रंगाची, पोटात भाताच्या दाण्यांसारखे बुडबुडे असलेली. तिच्या अंगावर बारीक थेंब होते आणि बुडाशी ओल जमली होती.

"काच रडत नाही, लाडकी. हवेतलं पाणी धरते."

"मंग बाजूचा तुंबा का नाय धरत? त्याला येगळी हवा हाय?"

 मी प्रश्न वहीत उतरवून घेतला.

आठवडाभरात तुंबा वगळून त्या फळीवरची दुसरी वस्तूही ओली झाली, मग समोरच्या भिंतीलगतच्या तीन. आकडा अकरावर येऊन थांबला. तोवर बातमी गावात गेली होती. कोणी कणगीपुढे जास्वंदीचे फूल ठेवले. कोणी जवळच्या अणुकेंद्राच्या उंच चिमणीकडे बोट दाखवले. मी त्यांना विचारले की चिमणीने अकराच वस्तू कशा निवडल्या. त्यावर ते म्हणाले की तुम्ही शिकलेली माणसे, तुम्हीच सांगा. हे म्हणणे रास्त होते.

दालनाचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व त्यातूनच निघते.

मी १९७५ साली बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका काच कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. वाळू, सोडा आणि चुनखडी यांचे मिश्रण तपासणे आणि तयार काचेचे पृथक्करण करणे हे माझे काम. त्याच वर्षी मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरून चिंधू नावाचा वीस-एकवीस वर्षांचा माणूस कारखान्यात वाळूच्या गोणी वाहायला आला. त्याच्या घरी डोंगरउतारावर थोडे भाताचे शेत होते. भात झोडून झाला की घरातली सगळी माणसे वीटभट्ट्यांवर जात आणि पाऊस तोंडावर आला की परतत. चिंधूने विटांऐवजी वाळू निवडली, एवढाच फरक. हाताने काच फुंकणाऱ्या विभागात फिरोजाबादहून आलेले एक उस्ताद होते. त्यांनी एकदा गंमत म्हणून त्याच्या हाती फुंकनळी दिली आणि मग ती परत घेतली नाही. "इसकी फूँक में जल्दबाज़ी नहीं है," असे त्यांनी मला सांगितले होते. कारखान्यात मी ऐकलेले हे एकमेव अचूक कलासमीक्षण होय.

१९८० साली कारखान्यात यंत्रे आली आणि हाताचा विभाग बंद झाला. उस्ताद गावी गेले. चिंधू पुन्हा गोणी उचलू लागला. त्या वेळी कारखान्याच्या वेष्टन विभागात दिनानाथ चित्रकार म्हणून काम करत. ते घिवलीचे, घरची चिकूची वाडी, मुंबईत कलाशिक्षण झालेले, बोलणे ऐकत राहावे असे. त्यांनी एके दिवशी माझ्या टेबलावर चिंधूने फावल्या वेळात फुंकलेला, पोकळ भोपळ्याच्या आकाराचा एक काचेचा तुंबा ठेवला आणि म्हणाले, "उषाताई, हे गोणी उचलणाऱ्याचं काम आहे. लाज वाटते की नाही?"

मला वाटली. त्या एका वाक्यावर दालन उभे राहिले, असे म्हणण्यास हरकत नाही. दिनानाथांनी वाडीतली चिकू भरण्याची शेड दिली. वसाहतीतल्या काही उद्योजकांनी न्यास स्थापन केला. वामनराव चुरी त्याचे अध्यक्ष झाले. शेडच्या मागे एका मुशीची, म्हणजे काच वितळवण्याच्या एकाच भांड्याची, लहान भट्टी बांधली. १९८२ च्या फेब्रुवारीत दालन उघडले. समकालीन काचकलेला वाहिलेले दालन ही कल्पना त्या वेळी मुंबईलाही नवीन होती. घिवलीत ती चिकूच्या वासात सुरू झाली. भट्टीवर दिवसातला वेळ कसा घालवायचा हे चिंधू ठरवी, दालनाची व्यवस्था, भिंतींचा रंग आणि पाहुण्यांशी बोलणे दिनानाथांकडे, आणि मिश्रण माझ्याकडे.

मिश्रणाबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कारखान्याच्या चुनखडीत लोह होते, त्यामुळे काच हिरवट निघे. मी शोध घेतला तेव्हा नवापूरच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत लोह जवळजवळ नसल्याचे आढळले. नवापूरच्या गोजराबाई पाट्या भरभरून शिंपले आणत, गोड्या पाण्यात धुऊन वाळवत आणि आम्ही ते कुटून वापरत असू. शिंपले म्हणजे चुनाच. काचेत त्याचे काम एकच असते. वाळूला वितळवण्यासाठी सोडा लागतो, पण सोड्याची काच पाण्यात विरघळू पाहते. चुना तिला तसे करू देत नाही. मी प्रत्येक मुशीचे मिश्रण स्वतः तोलून, पिशवी शिवून, तिच्यावर तारीख घालून भट्टीवर पाठवत असे. दिनानाथ पाहुण्यांना सांगत, "या काचेत आमचा समुद्र आहे." पाहुण्यांना ते फार आवडे. वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीने ढोबळ असले तरी खोटे नव्हते, म्हणून मी कधी हरकत घेतली नाही.

दुसरी गोष्ट चिंधूची. नवे भात घरात आले की पहिला घास देवाला दिल्याशिवाय त्याच्या घरी कोणी जेवत नाही. काचेलाही त्याने तोच नियम लावला. नव्या मुशीतली काच वितळली की फुंकनळीवर घेतलेला पहिला थेंब तो वाळूत सोडी. गार झाला की वाटाण्याएवढा मणी होई. चिंधू तो कमरेच्या पिशवीत टाकी आणि गावी गेला की देवाच्या टोपलीत ठेवी. १९८२ च्या माझ्या वहीत याची नोंद आहे : "प्रत्येक मुशीमागे सुमारे पाच ग्रॅम अपव्यय."

अकरा वस्तू ओल्या झाल्यावर न्यासाची बैठक एकवीस जुलैला झाली. वामनराव स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा शेवटचा दिनांक लागे.

"पंधरा ऑगस्टच्या आत कारण द्या, बाई. बाहेरचं कारण असलं तर खिडक्या बदलू. करणाऱ्याचा दोष असला तर भट्टी विझवायची. रडणाऱ्या वस्तू ठेवून आम्हाला देऊळ काढायचं नाही."

भट्टी विझणे म्हणजे काय, हे बैठकीतल्या प्रत्येकाला कळत होते. चिंधू छत्तीस वर्षांचा होता. वीटभट्टीवर त्याला कोणीही घेतले असते.

चिंधू दाराशी उभा होता. त्याला काही विचारण्यापूर्वीच तो म्हणाला, "चूक माजीच असंल, शेट."

तो वामनरावांना नव्हे, दिनानाथांना म्हणाला. हे मी पाहिले आणि त्याचा अर्थ लावला नाही.

मी तपासणीला सुरुवात केली. थेंबांत लाल लिटमस बुडवला. तो निळा झाला. म्हणजे ओल नुसत्या पाण्याची नव्हती, क्षाराची होती. खारी हवा हे पहिले संभाव्य कारण. पण थेंबांत मीठ नगण्य निघाले, आणि एकतीस कोरड्या वस्तूंनीही तीच हवा घेतली होती. हे कारण बाद झाले.

दुसरे कारण दिनानाथांनी सुचवले. "लाडकी राखेनं पुसत असणार. राख म्हणजे क्षारच की."

लाडकी मागेच होती. "राखंनं मी टोप घासते, शेट. तुमच्या घरचे बी घासलेत, इचारा बायकोला. काच मी धोतराच्या फडक्यानं पुसते. आन् पुसते तर बेचाळीस पुसते, अकरा नाय."

तिचा युक्तिवाद निर्दोष होता. तरीही मी एक वस्तू शुद्ध पाण्याने धुऊन, पुसून, प्रयोगशाळेत झाकणाच्या पेटीत ओलसर हवेत ठेवली. चौथ्या दिवशी ती पुन्हा ओली झाली. क्षार बाहेरून येत नव्हता. काचेच्या आतून येत होता.

मग मी कणगीच्या बुडाचा नखाएवढा कपचा काढला आणि त्याचे पृथक्करण केले. सोडा तेवीस टक्के. चुना अर्ध्या टक्क्याहून कमी. मी दुसऱ्या वस्तूचा कपचा घेतला, मग तिसऱ्या. तेच आकडे. माझ्या वहीप्रमाणे या वस्तूंच्या मिश्रणात चुना नऊ टक्के असायला हवा होता.

आकडे मी दिनानाथांना दाखवले. आम्ही दालनाच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"तुमची पिशवी बरोबर होती?"

"माझी पिशवी बरोबर होती."

"मग सोपं आहे. पिशवी आणि मूस यांच्यामध्ये एकच माणूस उभा असतो." त्यांनी कागद घडी घालून परत दिला. "मला काय आनंद होतोय का, उषाताई? त्याला मीच तुमच्यापुढे आणला ना? पण तुम्हीच नेहमी म्हणता, माणूस बघू नका, आकडा बघा."

मी नेहमी असे म्हणत असे. आकड्यांवरून दुसरा निष्कर्ष निघत नव्हता. पिशवीत चुना होता, काचेत नव्हता, आणि पिशवी चिंधू उघडत असे. मी अहवालाचा मसुदा केला. त्यात लिहिले की कारागिराने मिश्रणातील चुन्याचा घटक अकरा वेळा वापरला नाही. या विधानाखाली त्याची सही लागणार होती. तो लाडकीला घेऊन आवणीसाठी, म्हणजे भाताची रोपे लावायला, गावी गेला होता. यंदा आवणी लांबली होती. म्हणून पाच ऑगस्टच्या रविवारी मी कागद घेऊन एस.टी.ने मनोरला उतरले आणि तिथून चालत पाड्यावर गेले.

एक गोष्ट मी त्या वाटेवर जाणूनबुजून केली नाही : चिंधूने चुना का वापरला नसावा, याचा विचार. कारणाशिवाय केलेली कृती माझ्या मसुद्यात होती, आणि ती तशीच राहावी अशी माझी इच्छा होती. तो विचार केला असता तर पुढच्या दोन तासांची गरज पडली नसती.

चिंधू नुकताच शेतातून आला होता. पोटऱ्यांपर्यंत चिखल. लाडकीने मला बसायला पाट दिला आणि कोरा चहा ठेवला. मी कागद वाचून दाखवला. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"कुठं सही करू?"

"आधी सांग, हे खरं आहे का? शिंपल्यांची भुकटी तू मुशीत टाकली नाहीस?"

"पिशवीत होतं तेवढं टाकलं. पण बाई, काच माजी हाय ना. आदी तडकायची, आता रडते. चूक माजीच."

"आधी तडकायची? कधी तडकली?"

तो पायावरचा चिखल खरवडू लागला. लाडकीने चुलीतले लाकूड पुढे सारले. "सांग आता. तोंडात काय मूग हायेत? नायतर मी सांगते."

"शेटनी सांगू नको सांगितलंय."

"शेट हितं नाय. हितं मी हाय."

शेवटी तिनेच सांगितले. गेल्या दिवाळीनंतर दिनानाथांनी चिंधूला भट्टीवर गाठले आणि सांगितले की कणगी फळीवर आपोआप तडकली. तुकडे कोणाला लागतील म्हणून त्यांनी पुरून टाकले. तशीच दुसरी करून दे, म्हणाले, आणि बाईंना सांगू नको. त्या लगेच विश्वस्तांना लिहितील आणि भट्टी बंद होईल. पंधरा दिवसांनी दुसरी वस्तू तडकली. होळीपर्यंत अकरा तडकल्या. प्रत्येक वेळी चिंधूने तशीच दुसरी केली.

"पिशव्या कोणी दिल्या?"

"शेटनीच. मोकळ्या व्हत्या, शिवलेल्या नाय. ते म्हनले, बाईंना तरास नको." चिंधू पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून बोलला. "काच येगळी व्हती ती. पातळ. नळीवर ठरत नव्हती, मधासारखी सांडायची. मी इचारलं, तर शेट म्हनले, नवी वाळू हाय."

"मग मला का नाही विचारलंस?"

"काय तोंडानं इचारू? आठ वरसं केलेलं काम आपसूक फुटतंय. मला वाटलं, माज्या हातालाच काय झालं."

लाडकी उठली आणि कोपऱ्यातून दोन गोष्टी घेऊन आली. एक देवाची बांबूची टोपली, दुसरा वाळलेला दुधी भोपळा. "हे बगा. पयल्यांदा केल्याचे मणी टोपलीत. तुटल्याच्या बदल्यातले येगळे, भोपळ्यात. तुटक्याचा मणी चांगल्यात नको, म्हनला. आन् दर तुटल्यामागं एक कोंबडी. अकरा कोंबड्या दिल्यान देवाला. घरात अंडं राह्यलं नाय."

मी टोपलीतले मणी तळहातावर घेतले. ते कोरडे आणि लख्ख होते. एकेक करून मी सगळे पाहिले; त्यात १९८२ पासूनच्या प्रत्येक मुशीचा मणी होता. मग भोपळा उपडा केला. अकरा मणी बाहेर आले आणि माझ्या हाताला चिकटले. त्यांवर बारीक तडांचे जाळे होते. मी पर्समधून लिटमस काढला. कागद निळा झाला.

एकच घर, एकच कोपरा, एकच हवा, एकाच हाताचे काम. माझ्या प्रयोगशाळेत इतकी चोख तुलना मला कधी जमली नव्हती. ज्याला मी अपव्यय म्हटले होते, तो या दालनाचा एकमेव पूर्ण नमुनासंग्रह होता.

"बाई?" चिंधू म्हणाला. "म्हंजे ती तुटली नव्हती?"

"मला वाटतं, नव्हती. या टोपलीतल्या मण्यांसारखी काच फळीवर आपोआप तडकत नाही."

"एकबी?"

"बहुतेक एकही नाही. उद्या वजन करून सांगते."

तो चुलीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "शेटनी मला सांगितलं असतं, दुसरी पायजे, तर मी केली असती. तुटली म्हनून कशाला सांगायचं?"

लाडकी म्हणाली, "आन् कोंबड्या?"

मी अहवालाचा कागद पर्समध्ये घातला. सही घेतली नाही.

प्रत्येक वस्तू दालनात आली तेव्हा मी तिची उंची आणि वजन माझ्या वहीत लिहिले होते. त्या वहीचा उपयोग करण्याचे मला महिनाभर सुचले नव्हते. पृथक्करण केले, मीठ तपासले, राख तपासली. पण समोरची वस्तू तीच आहे का, हे तपासले नाही. त्याचे कारण सरळ आहे. दालनाची किल्ली दिनानाथांकडे होती, आणि त्यांच्यावर माझा विश्वास होता.

सोमवारी दालन बंद असते. मी कारखान्याच्या जीपमधून तराजू आणला आणि बेचाळीस वस्तू तोलल्या. एकतीस वस्तूंचे वजन वहीशी जुळले. अकरांचे जुळले नाही. उंचीतला फरक मात्र प्रत्येकीच्या बाबतीत दोन-तीन मिलिमीटरच्या आत होता. चिंधूचा हात इतका नेमका होता की त्याच्याच कामातला फरक मला डोळ्यांनी दिसला नव्हता.

दुपारी दिनानाथ आले. तराजू पाहून दारातच थांबले.

"वजन करताय?"

"झालं करून. कणगी १९८२ साली दोन हजार तीनशे चौदा ग्रॅम होती. आज एक हजार नऊशे साठ आहे."

"झिजली असेल. रडून रडून." ते हसले.

"साडेतीनशे ग्रॅम?"

ते खुर्चीवर बसले. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. नऊ वर्षे आम्ही एकत्र काम केले होते. माझ्या आकड्यांचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

"त्या सुरक्षित आहेत," ते शेवटी म्हणाले. "परदेशातल्या एका संग्रहात आहेत. तिथे हवा ठरावीक, उजेड ठरावीक. तुमच्या-माझ्या पश्चातही राहतील. इथे कोण बघायला येतं, उषाताई? सहलीची मुलं. चिकू खाऊन बिया टाकतात."

"कोणाच्या नावानं आहेत?"

"बुडाशी सही लागते. त्याशिवाय वस्तू घेत नाहीत."

"कोणाची सही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिकडे चिंधू म्हणजे कोण, हे कोणाला सांगणार? आडनाव काय, शिक्षण काय, म्हणून विचारतात. आणि रेखाटनं माझी होती."

"कणगीचं रेखाटन नव्हतं. कणगी त्याच्या घरात आहे. मी काल पाहून आले. तिच्यात भात असतो."

 मी पुढचा प्रश्न विचारला, कारण अहवालात एक दुवा अजून रिकामा होता.

"मिश्रणातून शिंपले का वगळलेत?"

तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले ते खरे होते. त्या दुपारी त्यांच्याकडून मिळालेली ती एकच खरी गोष्ट.

"शिंपले? त्यांचा काय संबंध?"

"चुना कुठून येतो असं तुम्हाला वाटलं?"

"मला वाटलं ते... चिंधू देवाला थेंब देतो ना, तसं काहीतरी असेल. किनाऱ्याचा मान. कुटत कोण बसणार, म्हणून तेवढ्या वजनाचा सोडा घातला. पांढरी पूडच ती. वितळलीही लवकर."

"आठ वर्षं तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात, या काचेत समुद्र आहे म्हणून."

"ते पाहुण्यांसाठी होतं हो," दिनानाथ म्हणाले.

"आणि पिशव्या माझ्याकडून का नाही मागितल्यात?"

"तुम्ही विचारलं असतंत, कशासाठी."

ते खरे होते. मी विचारले असते. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "तुमचा मसुदा तयार होता, उषाताई. त्यात त्याचं नाव होतं. मी नव्हतं घातलं. तुम्ही घातलं होतंत."

हेही खरे होते.

दहा ऑगस्टला मी नवा अहवाल वामनरावांना दिला. त्यांनी तो वाचला आणि बराच वेळ कागदाचा कोपरा दुमडत बसले.

"बाई, संस्थेचं नाव आहे. 'तांत्रिक दोष' एवढंच लिहिलंत तर? भट्टी चालू ठेवतो. चिंधूला काही होणार नाही."

"चिंधूने अकरा कोंबड्या दिल्या आहेत."

"काय?"

"'तांत्रिक दोष' लिहिला तर त्याला वाटेल, त्या बरोबर दिल्या."

मूळ वस्तू परत येतील का, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांच्या बुडाशी दुसऱ्याची सही आहे आणि ती काचेत कोरलेली आहे. अहवाल मी बदलला नाही. त्याचा शेवटचा परिच्छेद मी पाड्यावर जाऊन चिंधू आणि लाडकी यांना वाचून दाखवला. तो असा :

"ओल्या झालेल्या अकरा वस्तू या दालनाच्या मूळ वस्तू नाहीत. मूळ वस्तू नोव्हेंबर १९८९ ते मार्च १९९० या काळात दालनाचे व्यवस्थापक श्री. दिनानाथ यांनी बाहेर पाठवल्या आणि त्यांच्या जागी नकला ठेवल्या. मूळ वस्तू तडकल्याचे कारागीर चिंधू यांना खोटे सांगून नकला त्यांच्याकडूनच करवून घेतल्या. मूळ वस्तूंपैकी एकही तडकली नव्हती. नकलांचे मिश्रण माझ्याकडून मागवले नाही, कारण मी त्याचे प्रयोजन विचारले असते. ते श्री. दिनानाथ यांनी स्वतः तयार केले. शिंपल्यांची भुकटी ही प्रथा आहे अशा समजुतीने त्यांनी ती वगळली व तेवढाच सोडा वाढवला. चुना नसलेली काच दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि तिच्यातला क्षार बाहेर येतो. वस्तू ओल्या होण्याचे कारण हे आहे. कारागिराच्या कामात दोष नाही."